वीहोरच्या हातातली मेणबत्ती

ब्रेकोवो, आरिल्येजवळ
२२ सप्टेंबर

इस्क्राबाई,

तुमची माझी ओळख नाही. मी स्तामेंका विदाकोविच, वय बासष्ट. आयुष्यभर आरिल्येच्या पोस्टात खिडकीमागे बसले, आता घरची रास्पबेरीची बाग बघते. पत्र तुमच्या प्रकाशकाच्या पत्त्यावर टाकते आहे. तिकीट बरोबर लावलेलं पत्र सहसा हरवत नाही, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या 'वाऱ्याच्या घराण्याची गाथा'चे तिन्ही भाग मी वाचले. आमची नात ऊना उन्हाळ्यात तोडणीला आली होती, ती पुस्तकं ठेवून गेली. जाताना म्हणाली, "आजी, ही तुझ्यासाठी नाहीत हं. तुला नाही आवडायची." म्हणजे वाचणं आलंच.

आधी चांगलं सांगते, कारण वाईट बरंच आहे. दुसऱ्या भागात वेद्रानाचा नवरा रेल्या लढाईत मरतो आणि ती त्याचा शर्ट धुते, पण तिला तो पिळवत नाही, तशीच हातात धरून नदीकाठी उभी राहते. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि अंगणात जाऊन आले. हे तुम्ही कुठून शिकलात? पुस्तकाच्या मागच्या फोटोत तर तुम्ही शाळकरी दिसता.

आता बाकीचं. तुमचे घोडे खिंडीतून तीन दिवस पळतात आणि कुणी त्यांना पाणी पाजत नाही. वीहोर वाऱ्याचा मुलगा असेल, त्याला पंख असतील, पण बर्फात उघड्या छातीने का फिरतो? आणि त्याचे डोळे दर दुसऱ्या पानावर 'गडद' होतात. एवढे डोळे गडद व्हायला लागले तर माणसाने डॉक्टरकडे जावं.

हे सगळं चालवून घेतलं असतं. पण पहिल्या भागात वेद्रानाचं रेल्याशी लग्न लागतं, तेव्हा त्यांच्यामागे मेणबत्ती धरून कोण उभं राहतं? वीहोर. म्हणजे तो त्यांचा कूम झाला. हे तुम्ही लिहिलंत, मी नाही. आणि तिसऱ्या भागात, बर्फाच्या गुहेत, तीनशे बाराव्या पानावर, हा कूम आपल्या कूमेचं चुंबन घेतो! पुढची सहा पानं मी वाचली नाहीत. म्हणजे वाचली, पण भरभर.

तुम्ही आपल्यातल्याच ना? वर देव, खाली कूम, हे आपल्याकडे लेकरंसुद्धा म्हणतात. लग्नात जो मागे उभा राहिला तो रक्ताच्या भावाहून जवळचा. त्याच्या घराशी सोयरीक होत नाही, पिढ्यान् पिढ्या होत नाही. तुमच्या गुहेत जे झालं ते बहीण-भावाने करण्यासारखं आहे. चौथ्या भागात हे निस्तरा.

कळावे,
स्तामेंका विदाकोविच

ता.क. चौथा भाग कधी येणार?


नोवी साद
९ ऑक्टोबर

आदरणीय स्तामेंकाबाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा पहिला भाग काढून ते लग्न पुन्हा बघितलं आणि कपाळावर हात मारला.

खरं सांगते, माझ्या लक्षातच आलं नाही. वीहोरला मी तिथे का उभं केलं ठाऊक आहे? त्याचं तिच्यावर प्रेम, आणि तिचं लग्न दुसऱ्याशी. मला तो अगदी जवळ हवा होता, तिच्या मानेवरचे केस दिसतील इतका जवळ. तिथे उभं राहायचं तर कूमच व्हायला हवं, म्हणून दिली त्याच्या हातात मेणबत्ती. दोन संपादकांनी वाचलं, हजारो वाचकांनी वाचलं, कुणी बोललं नाही. तीनशे बारावं पान तर मुलींनी छापून खोलीच्या भिंतीवर लावलंय.

पण बाई, तो देश माझ्या कल्पनेतला आहे. तिथे चर्च नाही, पाद्री नाही. वाऱ्याच्या मुलाला कुणी बाप्तिस्मा दिला? आपल्या गावचा नियम तिथे कशाला?

घोड्यांचं मान्य. चौथ्या भागात पहिल्याच पानावर पाणी पाजते. उघड्या छातीचं पाप मुखपृष्ठवाल्याचं, माझं नाही. डोळ्यांचं माझं.

चौथा भाग वसंतात यायला हवा, पण मी अडकले आहे. तुमच्या पत्रानंतर जास्तच.

तुमची,
इस्क्रा मालेशेव

ता.क. मी एकोणतीस वर्षांची आहे. फोटो जुना आहे.


ब्रेकोवो
२६ ऑक्टोबर

पोरी,

एकोणतीस म्हणजे माझ्या मुलीपेक्षा लहान, तेव्हा आता तुला अगंतुगं करते. तूही मावशी म्हण, 'आदरणीय' वाचलं की मला वीजबिलाची आठवण येते.

देश कल्पनेतला असू दे. पण तिथे भूक लागते ना? नवरा मेला की बाई रडते ना? मग मेणबत्ती धरलेला माणूस तिथेही कूमच. पंख असले म्हणून काय झालं.

तू शहरातली, म्हणून जरा सांगते. माझ्या लग्नात ओब्राद आमचा कूम होता. माझा नवरा वितोमिर आणि तो सैन्यात एका तंबूत होते, तेव्हाच ठरलं होतं. खरं तर लग्नाचा कूम तोच पुढे मुलांच्या बाप्तिस्म्यालाही उभा राहतो, पण स्लाविका झाली तेव्हा ओब्राद लिबियात रस्ते बांधत होता, म्हणून पोरीला त्याच्या थोरल्या भावाने हातात घेतलं. ओब्रादला त्याचं अजून वाईट वाटतं. इतक्या वर्षांत वितोमिर आणि ओब्राद कधी भांडले नाहीत, आणि मी आणि ओब्राद अजून एकमेकांना कूम-कूमा म्हणून अहो-जाहो करतो. कूमाला अरे-तुरे करत नाहीत.

कूम बदलता येत नाही का? येतो, पण त्याची रीत आहे. घरी भाजलेली पोगाचा, म्हणजे आपली मोठी गोल भाकरी, तिच्यावर तुळशीची काडी खोचायची, बाटलीभर वाइन घ्यायची आणि जुन्या कूमाच्या दारात जाऊन म्हणायचं, 'आशीर्वाद द्या, कूमपण दुसऱ्याकडे सोपवायचंय.' त्याने भाकरी मोडली तर तो मोकळा. मी हे जन्मात एकदाच बघितलं. म्हातारा कूम दारात उभा राहून लहान मुलासारखा रडला होता. कूम म्हणजे काही गुंडी नव्हे, एक तुटली की दुसरी शिवली. आणि कुणी कूम व्हायला बोलावलं तर नाही म्हणता येत नाही, पाप लागतं.

वितोमिरला जाऊन चार वर्षं झाली. ओब्रादची बायको झागोर्का त्याच्याआधी गेली. आता ओढ्याच्या पलीकडे तो, अलीकडे मी. बागेचा पंप तोच बघतो. तुझी पुस्तकंही मी वाचली की तो नेतो. चष्म्याची काडी मोडली आहे, दोरीने कानाला बांधून वाचतो. पहिला भाग परत आणून दिला तेव्हा म्हणाला, "हा पंखवाला माणूस बरा आहे हो कूमा, पण बोलत का नाही?"

मी म्हटलं, "कूम आहे तो. काय बोलणार?"

त्यावर तो उठून पंप बघायला गेला. पंप चांगला चालू होता.

तुझं काम कुठवर आलं?

स्तामेंकामावशी

ता.क. तिसरा भाग मी त्याला अजून दिलेला नाही.


नोवी साद
२१ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

सापडलं! पहिला भाग पुन्हा वाचत होते. लग्नाच्या पानावर मीच लिहिलंय आणि मीच विसरले: वीहोर वाऱ्याचा मुलगा, त्याच्या हातात मेणबत्ती टिकेना. ती विझते. तो ओंजळीत धरून विझलेली वात लपवतो, कुणाला कळत नाही, फक्त वेद्रानाला कळतं. म्हणजे पेटती मेणबत्ती शेवटपर्यंत त्याच्या हातात नव्हतीच! मग तो कूम झाला का? सांगा ना. झाला नसेल तर गुहा माफ, आणि मी सुटले.

नाहीतर काय करू? प्रकाशकाचा रोज फोन. अर्ध्या वाचकांना लग्न हवंय, अर्ध्यांना रक्तपात. तुमच्यासारखं वाचणारं दुसरं कुणी नाही. तुम्ही सांगा वेद्रानाने काय करावं, मी डोळे मिटून तसं लिहिते.

तुमच्या कूमांना नमस्कार सांगा. दोरीच्या चष्म्यातून माझी पुस्तकं वाचणारा माणूस, मला फार मजा वाटली.

इस्क्रा


ब्रेकोवो
२२ डिसेंबर

पोरी,

उशीर झाला, कारण तीन दिवसांपूर्वी आमच्या घरच्या संताचा, संत निकोलाचा दिवस होता. उपासाचे दिवस, म्हणून सगळं माशांचं. घरभर अजून कार्पचा वास आहे.

तुझ्या मेणबत्तीचं. माझ्या लग्नात आरिल्येच्या चर्चच्या दारातून असा वारा घुसला की ओब्रादच्या हातातली मेणबत्ती दोनदा विझली. दोन्ही वेळा त्याने पाद्र्याच्या मेणबत्तीवर पेटवून घेतली. सगळं चर्च हसलं. म्हणून तो कमी कूम झाला का? मेणबत्ती विझते. उभं राहिलेला माणूस उभाच असतो. तेव्हा ही पळवाट चालायची नाही.

वेद्रानाने काय करावं, ते मला विचारतेस. त्यापेक्षा एका बाईची गोष्ट सांगते. आमच्याच गावातली आहे, विधवा, नाव सांगून उपयोग नाही, तू ओळखत नाहीस. तिच्या घरी असाच संताचा दिवस होता. दुपारी पाहुणे उठून गेले. तिचा कूम मागे राहिला, ती ताटं पुसत होती, तो एकेक ताट फळीवर ठेवत होता. आणि ताट हातात धरून तो म्हणाला, "दोन घरं, दोन चुली, दोन कुत्री. संध्याकाळी मी तुमच्याकडचा दिवा बघतो, तुम्ही माझ्याकडचा. कशासाठी? माझ्याशी लग्न करा."

कूमाने असं म्हणावं! त्या बाईच्या हातून ताट पडलं नाही एवढंच. ती म्हणाली, वसंतात सांगेन.

आता ती घाबरली आहे. गावाचं तोंड कोण धरणार? मुलगी काय म्हणेल? आणि वर गेल्यावर नवरा भेटला तर त्याला काय सांगायचं, की तुझ्याच कूमाशी? पण तिला 'नाही'ही म्हणवत नाही. तो माणूस ओढ्यावरून येताना शीळ घालतो आणि ती शीळ ऐकली की तिचं कॉफीचं भांडं आपोआप चुलीवर चढतं. वय काय, आणि हे काय. लाज वाटते, आणि बरंही वाटतं.

तू लेखिका आहेस. लोक म्हणतात तुम्हाला माणसाच्या मनातलं कळतं. वेद्रानाचं काय करतेस ते मला कळव. लवकर कळव.

स्तामेंकामावशी

ता.क. तिसरा भाग ओब्रादने स्वतःच ऊनाच्या फळीवरून नेला. मग परत दिला. तीनशे बाराव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.


नोवी साद
१६ जानेवारी

प्रिय मावशी,

झालं! शेवटचं प्रकरण लिहून पूर्ण. सोबत पाठवते आहे, तुम्ही माझ्या पहिल्या वाचक.

तुमच्या गावातल्या त्या बाईने मला वाट दाखवली. इतके दिवस मी पळवाटा शोधत होते, मेणबत्ती विझली आणि काय काय. तुम्ही म्हणालात, उभं राहिलेला माणूस उभाच असतो. ते वाक्य मी टेबलासमोर लिहून लावलं. आता वीहोर खिंडीच्या टोकावर येऊन विचारतो, "येतेस?" आणि वेद्राना म्हणते, "तू माझ्या लग्नात मेणबत्ती धरलीस. मी तो उजेड विकणार नाही." तो उडून जातो, कायमचा. दर शरद ऋतूत तिच्या खिडकीत एक पीस येऊन पडतं, एवढंच. संपादक रडली. म्हणाली, या मालिकेला एवढी उंची येईल असं वाटलं नव्हतं.

त्या बाईला माझा नमस्कार सांगा. आजच्या काळात रीतीसाठी स्वतःचं मन मारणारी बाई! तिने 'नाही'च म्हटलं असणार, हो ना? दुसरं काही ती म्हणूच शकत नाही. मी वेद्रानाला तिचाच चेहरा दिला आहे.

तुम्ही खूश व्हाल अशी खात्री आहे.

तुमची इस्क्रा

ता.क. घोड्यांना पाणी पाजलं आहे.


ब्रेकोवो
४ फेब्रुवारी

इस्क्रा,

प्रकरण वाचलं. बरोबर आहे. असंच व्हायला हवं होतं, मीच सांगितलं होतं. पिसाचं छान आहे.

त्या बाईला तुझा निरोप दिला. तिने नाही म्हटलं. तिचा कूम आपल्या मुलीकडे क्रालेवोला राहायला गेला.

आमचा पंप बंद पडला आहे. थंडी बरीच आहे.

स्तामेंका


नोवी साद
३ मार्च

मावशी,

तुमच्या पत्राला ता.क. नव्हतं.

पहिल्या पत्राच्या वेळी तुम्ही मला ओळखतही नव्हतात, तरी ता.क. होतं. प्रत्येक पत्राला होतं. या वेळी नाही, आणि 'मावशी'ही नाही. महिनाभर मला वाटत राहिलं की प्रकरण आवडलं नसेल. काल तुमची सगळी पत्रं पलंगावर मांडून ओळीने वाचली. मधल्या दोन्ही पत्रांत ओब्राद आहेत. पंप बघणारे, दोरीचा चष्मा लावणारे, पानाचा कोपरा दुमडणारे. शेवटच्या पत्रात ते नाहीत, आणि पंप बंद आहे.

मावशी, ती बाई तुम्हीच ना?

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत. मनातलं कळतं म्हणे! तुम्ही मला अख्खं मन लिहून पाठवलंत आणि मी त्याचं प्रकरण केलं. वर तुम्हालाच विचारलं, ती 'नाही'च म्हणाली असणार ना?

एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. ते प्रकरण मी पटलं म्हणून लिहिलेलं नाही. मला तुमची भीती वाटली म्हणून लिहिलं. लिहिताना मला रडू आलं नाही, संपादकबाईंना आलं. वेद्राना 'नाही' म्हणते ते तिचं वाक्य नव्हतंच, ते तुमच्या पहिल्या पत्राचं वाक्य होतं. मी वेद्रानाला तुमच्या भीतीने नाही म्हणायला लावलं. तुम्ही 'नाही' म्हणालात ते कुणाच्या भीतीने? माझ्या पुस्तकाच्या तर नाही ना? माझ्या पुस्तकात घोडे तीन दिवस पाण्याविना पळतात, मावशी. त्याचं ऐकून कुणी आपलं घर रिकामं करू नये.

प्रकरण मी प्रकाशकाकडून परत मागवलं आहे. ते चिडलेत, चिडू देत.

रागावला असाल तर तसं लिहा. पण लिहा.

इस्क्रा


ब्रेकोवो
२१ एप्रिल

पोरी,

रागावले होते. बरेच दिवस रागावले होते. मनात म्हटलं, कालची पोर, पंखवाल्या माणसांच्या गोष्टी लिहिते आणि मला विचारते कुणाला घाबरलीस! पत्र कपाटात टाकलं. मग तिसरा भाग काढला आणि तीनशे बारावं पान पुन्हा वाचलं. पुढची सहा पानंही. या वेळी सावकाश.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला पटकन सापडेना, म्हणून एकेकाकडे गेले. आधी मुलीला फोन केला. स्लाविका म्हणाली, "आई, मला वाटलं तुम्ही दोघं हे दोन वर्षांपूर्वीच सांगाल." म्हणजे तिची भीती नव्हती. मग पाद्र्याकडे गेले. ते म्हणाले, "ओब्रादने तुमच्या पोरीला बाप्तिस्म्याला हातात घेतलं असतं तर मी काही करू शकलो नसतो. लग्नाच्या कूमाला चर्चची आडकाठी नाही, आडकाठी लोकांची आहे." बघ, इतकी वर्षं ओब्राद लिबियाच्या नावाने बोटं मोडत होता. मग गावाचा विचार केला. गावाने माझ्याबद्दल बोलायचं कधी सोडलंय? मी पोस्टात होते, कुणाला कुठून पत्र येतं हे मला ठाऊक, तेव्हापासून बोलतात.

मग राहिला वितोमिर. त्याच्याकडे जायला दफनभूमीत गेले, बाकावर बसले. तुला मी पहिल्या पत्रात शर्टाबद्दल लिहिलं होतं, अर्धंच लिहिलं होतं. वितोमिर गेला त्या आठवड्यात मीही त्याचा शर्ट धुतला आणि मलाही पिळवेना. पाणी गळत होतं आणि मी उभी होते. ओब्राद कुंपणापाशी होता. तो आत आला, दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून तो पिळला. वितोमिरने वरून बघितलं असेल तर तेही बघितलंच असेल. त्याला मी काय सांगायचं राहिलंय? घाबरले होते ती मलाच, पोरी. बासष्टाव्या वर्षी पुन्हा कुणाची वाट बघायची, आणि तोही आधी गेला तर पुन्हा शर्ट धुवायचा, त्याला घाबरले होते. आणि कूमपणाच्या आड लपले. तो पडदा बरा जाड होता.

शुक्रवारी पोगाचा भाजली. तुळशीची काडी खोचली, वाइन घेतली आणि दिवसाढवळ्या क्रालेवोच्या बसमध्ये बसले, भाकरी मांडीवर. बसमधली एक बाई म्हणाली, "कूमाकडे का? अरेरे." रीत सगळ्यांना ठाऊक.

ओब्रादच्या मुलीने दार उघडलं, भाकरी बघितली आणि पांढरी पडली. तो मागून आला, पायात सपाता, चष्म्याला तीच दोरी. भाकरी बघून तो जोड्यांच्या बाकावर खालीच बसला.

"कूमा," तो म्हणाला, "माझं एवढं चुकलं का?"

मी रीतीने म्हटलं, "आशीर्वाद द्या. कूमपण दुसऱ्याकडे सोपवायचंय."

"कुणाकडे?"

"नोवी सादला एक पोरगी आहे. पुस्तकं लिहिते."

"ती घोडेवाली?" तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. "चांगली आहे. द्या तिला. म्हणजे आता मी तुमचा कुणीच नाही."

"कूम नाहीस," मी म्हटलं. "तुला दुसरं काम आहे, ओब्राद."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला 'तू' म्हटलं. त्याच्या मुलीला आधी कळलं, ती भिंतीला टेकून हसायलाच लागली. त्याला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने भाकरी मोडली, पण इतक्या घाईने की निम्मी जमिनीवर सांडली. आम्ही तिघांनी खाली बसून वेचली.

वेद्रानाचं काय करायचं ते आता मला विचारू नकोस. मी चुकीची बाई होते विचारायला. वेद्रानालाच विचार, आणि ती जे म्हणेल ते लिही, मला आवडो न आवडो. मी नावं ठेवीनच, तो माझा स्वभाव आहे. पण तू ऐकू नकोस.

लग्न मेच्या दुसऱ्या रविवारी, आरिल्येच्या चर्चमध्ये. तू आमच्यामागे मेणबत्ती धरून उभं राहायचंस. तुझा बाप्तिस्मा झालाय का ते आईला विचार. दारातून वारा येतो, मेणबत्ती विझेल, घाबरायचं नाही, पुन्हा पेटवायची. आणि नाही म्हणता येत नाही, हे तुला मी लिहिलंच आहे.

स्तामेंकामावशी

ता.क. पंप चालू झाला.


नोवी साद
२८ एप्रिल

कूमा,

आईला विचारलं, झालाय. येते.

तुमची कूमा,
इस्क्रा

ता.क. दोन काडेपेट्या आणते आहे.